किल्ल्यांच्या खोऱ्यात खडीवरची सायकल : कष्ट वेगळे, व्यायाम वेगळा

“दिवसभर राबतो, घाम गाळतो, मग वरून आणखी व्यायाम कशाला?” हा प्रश्न आपल्या वस्तीत घरोघरी ऐकायला मिळतो. बिगारी कामावर जाणारा, हमाली करणारा, चार घरची धुणीभांडी करणारी, पहाटे झाडू हातात घेणारी, सगळ्यांचा प्रश्न हाच. आणि याच घरांत चाळिशीला ब्लडप्रेशर किंवा शुगर निघाली की माणसे चक्रावून जातात. इतके कष्ट करूनही हा आजार आला कसा?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला जर्मनीतल्या एका खोऱ्यात, खडीच्या वाटेवर सायकल चालवताना नीट उमगले. तेच या वेळी या पानावर मांडत आहोत.

आम्ही दोघे नवरा-बायको. दोघेही वस्तीत वाढलो, नर्सिंग शिकलो आणि आज जर्मनीतल्या कोब्लेन्झ शहरात रुग्णसेवेचे काम करतो. पेशंटला उठवणे, कुशीवर वळवणे, व्हीलचेअरमध्ये बसवणे, आठ-आठ तास पायांवर उभे राहणे हे आमचे रोजचे काम. तरी दोन वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाचे ब्लडप्रेशर वरचे १५२ आणि खालचे ९६ निघाले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि विचारले, “व्यायाम काय करता?” आम्ही कामाची यादी सांगितली. ते म्हणाले, “हे काम झाले. मी व्यायामाचे विचारतोय.” तेव्हापासून महिन्यातून एक-दोन सुट्ट्या आम्ही इथल्या किल्ल्यांच्या खोऱ्यांत सायकलवर घालवतो.

दोन नद्या आणि मधला डोंगर

कोब्लेन्झला ऱ्हाइन आणि मोझेल या दोन नद्यांचा संगम आहे. दोन्ही नद्यांनी डोंगर कापून खोल खोरी केली आहेत. दोहोंच्या मध्ये हुन्सरुक नावाचा डोंगराळ, जंगलाचा मुलूख आहे. बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंतचे ऱ्हाइनचे सुमारे ६५ किलोमीटरचे खोरे युनेस्कोने २००२ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. एवढ्या पट्ट्यात सुमारे ४० किल्ले आणि गढ्या आहेत. कोब्लेन्झहून नदीच्या प्रवाहाबरोबर साठेक किलोमीटर खाली गेले की बॉन शहर लागते. लंडनला शिकत असताना बाबासाहेबांनी बॉनच्या विद्यापीठात नाव नोंदवले होते, त्यामुळे हा नदीकाठ आपल्या वाचकांना अगदीच परका नाही.

सायकलचा जन्मही याच नदीकाठचा. ऱ्हाइनवर बरेच वर मानहाइम शहर आहे. तिथे कार्ल ड्राइस याने १२ जून १८१७ रोजी लाकडाचे दोन चाकी वाहन रस्त्यावर चालवून दाखवले. त्याला पेडल नव्हते. जमिनीला पाय मारत पुढे जायचे, एवढेच. पेडल नंतर आले, हवेचे टायर त्याहून नंतर.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय?

ग्रॅव्हल म्हणजे खडी. डांबरी रस्ता, जंगलातली मुरमाची वाट आणि शेतातला कच्चा रस्ता या तिन्हींवर चालावी अशी ही सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले, पण टायर रुंद, साधारण दीड ते दोन इंचांचे. ब्रेक डिस्कचे. गिअर असे, की चढावर पाय हलका फिरावा. टायरमध्ये हवा शर्यतीच्या सायकलपेक्षा पुष्कळ कमी ठेवतात, म्हणजे खडीचे हादरे टायरच शोषून घेतो आणि ते मनगटाला, मानेला व कमरेला कमी बसतात.

हे वाचून एक गोष्ट लक्षात आली का? आपल्या वडिलांची, आजोबांची ती काळी, दणकट, दूधवाल्याची सायकल आठवा. तिचा टायर अठ्ठावीस बाय दीडचा, म्हणजे दीड इंच रुंदच होता. कच्च्या रस्त्यावर, खड्ड्यांतून, मागे पोते बांधून ती चालायची. तिला गिअर नव्हते आणि वजन फार होते, हा फरक खरा. पण खराब रस्त्यावर रुंद टायर लागतो हे आपल्याकडच्या सायकलवाल्याला फार आधीपासून माहीत होते. इथे लोक त्यासाठी मोठी रक्कम मोजतात. आम्ही मोजली नाही. आमच्या दोन्ही सायकली जुन्या घेतलेल्या आहेत.

पहिला दिवस : ऱ्हाइनच्या काठाने

कोब्लेन्झहून डाव्या काठाने बोपार्ड गाव सुमारे २० किलोमीटरवर आहे. वाट नदीला धरून जाते, जवळजवळ सपाट. ज्याने दहा वर्षांत सायकलला हात लावला नाही, त्यानेही सुरुवात अशाच वाटेने करावी.

थोडे अंतर गेले की उजव्या हाताला डोंगरावर श्टोल्झेनफेल्सचा किल्ला दिसतो. तेराव्या शतकात ट्रियरच्या आर्चबिशपने तो बांधला, तो नदीवरच्या जहाजांकडून जकात घ्यायला. १६८९ साली फ्रेंच सैन्याने तो जाळला आणि एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या राजघराण्याने पुन्हा उभारला. आणखी पुढे नदीपलीकडे ब्राउबाख गावावर मार्क्सबुर्ग उभा आहे. मधल्या ऱ्हाइनच्या डोंगरमाथ्यांवरच्या किल्ल्यांमध्ये कधीही उद्ध्वस्त न झालेला हा एकच. इथून बिंगेनपर्यंत नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचे तर फेरीबोट, तिच्यावर सायकलही चढते.

इतके किल्ले इथे का, याचे एक मोठे कारण जकात. नदी म्हणजे व्यापाराचा हमरस्ता. ज्याच्याकडे वरचा कडा, त्याच्या हाती खालची नदी. बोपार्डच्याही वर सांक्ट गोआर गावी ऱ्हाइनफेल्स हा किल्ला १२४५ साली बांधायला घेतला. त्याच्या मालकाने जकात वाढवली तेव्हा ऱ्हाइनकाठची शहरे एकत्र आली आणि १२५५ साली त्यांनी किल्ल्याला वेढा घातला. वर्षभराहून जास्त लढूनही तो पडला नाही. काउबजवळ तर नदीच्या मधोमध बेटावरच जकातीचा किल्ला आहे. चौदाव्या शतकात बांधलेल्या त्या किल्ल्यासाठी एकोणिसाव्या शतकापर्यंत जहाजांकडून पैसा घेतला जात होता.

दगड कुणी वाहिले?

किल्ला पाहताना राजा-सरदारांची नावे फलकावर मिळतात. दगड वाहणाऱ्यांची मिळत नाहीत. मध्ययुगात इथला शेतकरी जमीनदाराला ठरलेले दिवस फुकट काम देणे लागत असे. आपल्याकडे जिला वेठ म्हणतात, तीच ही. गवंडी आणि दगड घडवणारे कारागीर मजुरीवर असत, पण लाकूड तोडणे, खंदक खणणे, माल वर चढवणे यांत वेठीची माणसे असत. द्राक्षमळ्यांचे तेच. या खोऱ्यातल्या उभ्या चढणींवर दगडांचे बांध एकावर एक रचून मळे केले आहेत. इतक्या उभ्या जागी आजही बरेचसे काम हातानेच करावे लागते.

ज्या चढावर वेठीचा माणूस पाठीवर ओझे घेऊन गेला, त्याच चढावर सुट्टीच्या दिवशी आम्ही सायकल चढवतो. दम दोघांनाही लागतो, घाम दोघांनाही येतो. मग एकाचे शरीर झिजते आणि दुसऱ्याचे सुधारते, हे कसे? दुसऱ्या दिवसाच्या चढावर याचा उलगडा होतो.

दुसरा दिवस : जंगलाची खडी

बोपार्डहून हुन्सरुकच्या पठारावर जायला लहानशी रेल्वे आहे. ती १९०८ साली सुरू झाली आणि डोंगरात तीनशे मीटरहून अधिक चढते. आम्ही सायकली गाडीत ठेवून एमेल्सहाउझेनपर्यंत जातो. त्यात कमीपणा काही नाही. अंगात शक्ती किती आणि ती कुठे खर्चायची, हे आधी ठरवणे हाच व्यायामाचा पहिला नियम आहे.

वर गेल्यावर शेते, मग जंगल, आणि जंगलात लाकूडतोडीच्या गाड्यांसाठी केलेले रुंद खडीचे रस्ते. सायकलने या रस्त्यांवरूनच जायचे. ओढ्याच्या अरुंद घळीतल्या पाऊलवाटा चालणाऱ्यांसाठी सोडायच्या. खडीच्या उतारावर आम्ही चार गोष्टी पाळतो. दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून ढुंगण सीटवरून जरा उचलायचे. वजन मागे ठेवायचे. कोपर सैल सोडायचे. आणि ब्रेक वळणाच्या आधी, दोन्ही मिळून, हळूहळू दाबायचे. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर खडीवर चाक सरकते आणि माणूस तोंडावर पडतो. हेल्मेट नसेल तर हा उतार उतरू नये.

एरबाख ओढ्याच्या खोऱ्यावर, झाडीत लपलेल्या कड्यावर एरेनबुर्ग किल्ला आहे. याच्या एका बुरुजाच्या आत पायऱ्यांच्या जागी गोल फिरत जाणारा चढ आहे, अवजड वस्तू वर नेता याव्यात म्हणून. किल्ल्यापर्यंतचा रस्ताही चढाचाच. इथे आम्ही सगळ्यात हलका गिअर टाकतो आणि बोलत बोलत चढतो. बोलणे हीच मोजपट्टी. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की वेग बरोबर. दोन शब्दही धड निघेनात, तर वेग जास्त. अशा वेळी उतरून सायकल हाताने ढकलायची, पाणी प्यायचे, श्वास खाली आला की पुन्हा बसायचे.

वेठीच्या माणसाला नेमके हेच करता येत नव्हते. थांबणे त्याच्या हाती नव्हते.

शरीरात काय घडते?

चढावर मांडीचे मोठे स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सैल पडतात. रक्त खेळते, हृदय जोरात पण लयीत चालते. स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि त्यांची ही ओढ पुढे एक-दोन दिवस टिकते. म्हणून डायबेटिस असलेल्याने सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये असे सांगतात. तासाभराने आपण थांबतो, जेवतो, झोपतो. त्या विश्रांतीत नाडी आणि ब्लडप्रेशर खाली येते, स्नायूंची डागडुजी होते. आठवड्यांमागून आठवडे हे चालले की हृदय तेच काम कमी ठोक्यांत करायला शिकते.

कामाच्या कष्टात उलटे घडते. ओझे उचलताना आपण श्वास रोखतो आणि त्या क्षणी ब्लडप्रेशर एकदम चढते. वाकून, ओणवे होऊन किंवा एका जागी उभे राहून केलेल्या कामात स्नायू आवळलेलेच राहतात. नाडी आठ-दहा तास थोडी चढलेली राहते, पण हृदय मजबूत होईल इतका जोर लागत नाही. दुखरी जागा रोज तीच. पुरेशी विश्रांती मिळायच्या आत दुसऱ्या दिवशीची पाळी सुरू होते.

कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक प्रौढांवरचा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात शरीर हलवणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी दिसला. कामावर जड कष्ट करणाऱ्यांमध्ये मात्र तो जास्त दिसला. गरिबी, धूम्रपान, शिक्षण यांचा हिशेब धरूनही फरक उरला. याच्या कारणांवर तज्ज्ञांत अजून वाद आहेत, पण कष्टालाच व्यायाम समजून निर्धास्त राहू नये, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

हे आजाराचा दोष कष्टकऱ्याच्या माथी मारण्यासाठी लिहिलेले नाही. कामावर मधली सुट्टी, पिण्याचे पाणी, जड ओझ्याला दोन माणसे आणि आठवड्याची रजा या आरोग्याच्याच मागण्या आहेत, आणि त्या मागितल्याच पाहिजेत. त्या मिळेपर्यंतही स्वतःच्या शरीरासाठी स्वतःचा थोडा वेळ प्रत्येकाला हवा.

मोझेलच्या काठाने परत

एरेनबुर्गवरून खाली ब्रोडेनबाखला उतरले की मोझेल नदी. तिथून कोब्लेन्झ सुमारे २५ किलोमीटर, सगळे नदीकाठाने. वाटेत आल्केन गावावर टुरांट किल्ला आहे. ट्रियर आणि कोलोनच्या आर्चबिशपांनी मिळून तो १२४८ साली जिंकला आणि मधे भिंत घालून अर्धा-अर्धा वाटून घेतला. दोघांचे दोन वेगळे बुरूज आजही दिसतात.

हा परतीचा टप्पा आम्ही मुद्दाम सावकाश काढतो. चढ संपला म्हणून एकदम बसून राहिले तर चक्कर येऊ शकते, म्हणून शेवटची दहा-पंधरा मिनिटे पाय हलके फिरवत राहायचे. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी. तासाहून जास्त चालवायचे असेल तर खिशात केळे, शेंगदाणे, गूळ किंवा भाकरीचा तुकडा. ब्लडप्रेशरची आमची गोळी आजही चालू आहे, पण डोस वाढवावा लागलेला नाही आणि मागच्या तपासणीत आकडा १३० आणि ८४ होता.

आपल्या वस्तीत काय करता येईल?

यासाठी किल्ला लागत नाही, जर्मनी लागत नाही आणि नवी सायकलही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस केला तर १५० मिनिटे होतात. अर्धा तास एकदम मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. सायकल नसेल तर भराभर चालणेही यात धरले जाते.

अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांनी कामाच्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे सपाट रस्त्यावर हलकी सायकल चालवावी आणि जास्त वेळ रजेच्या दिवशी द्यावा. थकलेल्या अंगाने वेगाची पैज लावू नये.

सायकल अंगाला बसती करून घ्या. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. सीट फार खाली असली तर गुडघा दुखतो, फार वर असली तर कंबर डावी-उजवीकडे हलते. टायरच्या बाजूला हवेचा आकडा छापलेला असतो. खराब रस्त्यासाठी त्यातल्या खालच्या आकड्याजवळ हवा ठेवा. त्याच्याही खाली गेली तर खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. बोटांना मुंग्या आल्या तर मुठी सैल करा आणि हात बदलत राहा.

घरातल्या बायकांनी सायकल चालवली की आजही कुणीतरी हसते. हसू द्या. वस्तीतल्या चार-पाच जणी मिळून सकाळी निघाल्या तर हसणाराच गप्प होतो. बायकांना थोडी रुंद सीट आरामाची पडते. साडी किंवा ओढणी चाकात अडकणार नाही अशी खोचून घ्या.

यांनी आधी डॉक्टरांना विचारावे

हृदयविकार असलेले, ब्लडप्रेशर आटोक्यात नसलेले, गरोदर बायका आणि नुकतेच ऑपरेशन झालेले यांनी आधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबून साखर खावी.

सिकलसेलचा आजार विदर्भात आपल्या घरांतही आहे. अशा मुला-माणसांना पाणी कमी पडणे, अति दम लागणे आणि गारठा यांमुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने, भरपूर पाणी पिऊन, हळूच आणि थोडेच चालवावे. उन्हात तर नाहीच.

कुणालाही चालवताना छातीत दाब वाटला, दुखणे हातात किंवा जबड्यात गेले, एकाएकी धाप लागली तर उतरून बसावे आणि १०८ क्रमांकावर ॲम्ब्युलन्स बोलवावी. “गॅस झाला असेल” म्हणून वाट पाहू नये.

घराच्या मागे किंवा जिन्याखाली एखादी सायकल धूळ खात पडली असेल. या रविवारी तिचे पंक्चर काढून घ्या, चेनला तेल द्या, ब्रेक तपासा, सीट टाचेच्या मापाने लावा. आणि पहिल्या दिवशी घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन, बोलत बोलत, दहाच मिनिटे चालवून या.